गाडी कशी शे, तू कसा शे

वयाच्या अकराव्या वर्षी मी पिंपळगाव बसवंतहून ओझरपर्यंत एकट्यानं टेम्पो चालवत नेला, असं मी आजवर निदान हजार लोकांना सांगितलं असेल. खरं तर तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, टेम्पो उतारावर उभा होता, आणि ओझर नव्हे तर आमच्या गल्लीचा कोपरा आला तेव्हा तो आपणहून थांबला. पण गोष्टीला जरा उंची लागते. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, ते म्हणायचे की दिन्या जे बोलेल त्याला चारानं भागायचं आणि जे उरेल त्यातलं निम्मं कुत्र्याला घालायचं. आज हे लिहायला बसलो तर बायकोनं मागून येऊन बजावलं, या वेळी तरी भागाकार करूनच लिहा. प्रयत्न करतो. वचन देत नाही.

आमचं घर आग्रा रोडला इतकं लागून होतं की उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल थेट मध्य प्रदेशाच्या वाटेला लागायचं. मोठा ट्रक गेला की मांडणीवरची भांडी एकमेकांशी बोलायला लागत, आणि चहात साखर टाकली की ढवळायची गरज नसे. पुढचा ट्रक येईपर्यंत थांबायचं, बस. आई चुलीपुढे बसल्या बसल्या नुसत्या हॉर्नवरून सांगायची, हा कांद्याचा, हा रिकामा, हा आपल्या माणसाचा. अप्पांच्या टेम्पोचा हॉर्न सर्दी झालेल्या म्हशीसारखा होता. तो वळणावर ऐकू आला की आई तव्यावर भाकरी टाकायची आणि अप्पा पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती फुगलेली असायची. हुलग्याचे शेंगोळे असले तर ताटावर कोणी कोणाशी बोलत नसे. ठेचा असला तर बोलताच येत नसे. आईनं मिरच्या परतायला घेतल्या की रस्त्यावरनं जाणारे मद्रासचे ड्रायव्हर शिंकत शिंकत पुढे जायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. द्राक्षाच्या दिवसांत मात्र सगळ्या घराला गोड, किंचित आंबूस वास यायचा. अप्पांच्या कपड्यांना यायचा, आमच्या अंथरुणांना यायचा. अप्पा बागेतून क्रेट भरून पॅकहाउसला, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरतात त्या शेडला, नेऊन टाकायचे, पुन्हा बाग, पुन्हा पॅकहाउस. त्या तीन महिन्यांत ते स्टिअरिंगवरून उठून पाटावर बसले तरी त्यांचे हात गोलच असायचे.

आमच्यात गाडी चालवायला कोणी कोणाला शिकवलं नाही. अप्पांचे वडील बैलगाडीवर होते, त्यांचे वडीलही बैलगाडीवर, आणि अप्पांचं तत्त्व असं की रेडकाला पोहायला कोणी शिकवतं का? शेजारी बसायचं, दोन-तीन हंगाम बघायचं, आणि मग एक दिवस बाप वाटेत उतरून म्हणतो, "धर." एवढीच आमची शाळा आणि एवढंच पदवीदान. मला "धर" म्हटलं तेव्हा अप्पांना चहा प्यायचा होता आणि मार्केटला नंबर लावायची घाई होती. लायसन्सही असंच आलं. कोण्या ओळखीच्या माणसानं ते आणून दिलं. मला आरटीओत जावंसुद्धा लागलं नाही. माझा फोटो त्यांनी पाहिला होता, आणि फोटोत मी उत्तम चालवत होतो.

माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण, शकुंतला, म्हणजे शकूताई. ती ओझरला शिवणाच्या क्लासला जायची आणि बस चुकली की मी तिला टेम्पोनं सोडायचो. सोडायचो म्हणजे काय, फेकायचो. एका हातानं चालवणं ही तेव्हाची फॅशन होती. दुसरा हात खिडकीबाहेर, केसांत वारा, आणि नजर रस्ता सोडून सगळीकडे. त्या दिवशी आमच्याच गल्लीतला एक पोरगा त्याच्या बापाचा टेम्पो घेऊन मला मागे टाकून गेला. जाताना हसला. नुसता हसला हो. पण माझ्या डोक्यात त्या हसण्याचा असा काही धूर झाला की मी त्याच्या मागे लागलो. शकूताई म्हणाली, दिन्या, मला उशीर झालेला नाही. मला ते ऐकू आलं होतं. आजही येतं.

वळण कुठे संपलं आणि द्राक्षाची बाग कुठे सुरू झाली ते मला कळलं नाही. द्राक्षाचा मांडव म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडी अँगल, त्यावर ताणलेल्या तारा, त्यावर वेल. टेम्पो आत घुसला तसा एक अँगल पडला, त्यानं दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि बघता बघता पाच एकर मांडव गाभण गायीसारखा हळूहळू खाली बसला. (भागाकार: तीन ओळी.) टेम्पो तारांत कोळ्याच्या जाळ्यातल्या माशीसारखा लोंबत उभा. मला खरचटलंसुद्धा नाही. शकूताईचा डावा हात कोपरात मोडला होता. ती ओरडली नाही. पांढरी पडलेली, हात मांडीवर धरून बसलेली, ती इतकंच म्हणाली, "तू रस्त्याकडे बघतच नव्हतास रे. तू त्याच्याकडे बघत होतास."

पुढचे पंधरा दिवस मी आणि अप्पा त्या बागेत तारा ताणत होतो. घरी आल्यावर अप्पांनी टेम्पोची किल्ली आईकडे दिली आणि आईनं ती स्वतःच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोतीत ओवून टाकली, म्हणजे ती काढायची तर कोणाला काय काय करावं लागेल ते तुम्हीच समजा. शकूताईचा हात जुळला, पण कोपर पूर्ण सरळ होईना. वाकडाच राहिला थोडासा, नमस्कारातून अर्धवट सुटल्यासारखा.

तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं, सिन्नरच्या पलीकडच्या एका गावातल्या मास्तरांशी. आणि आमच्या घराण्यात नवरीला सासरी तिच्या भावानं पोचवायचं, हा रिवाज. पूर्वी बैलगाडीच्या जुवाजवळ भाऊ बसायचा. आता गाडी आली तरी आसूड गेला आणि भाऊ राहिला. नवरी घेऊन निघालेली गाडी वाटेत मागे वळवत नाहीत, आणि गाडीत बसलेली नवरी सासर येईपर्यंत खाली उतरत नाही, तेव्हा तो भाऊ जरा भरवशाचा लागतो. अप्पांनी जेवताना जाहीर केलं की शकूच्या गाडीला भाड्यानं ड्रायव्हर सांगू. मी मान खाली घातली. ताटातले शेंगोळे मला सापासारखे दिसायला लागले. तेव्हा शकूताई म्हणाली की मला दिन्याच सोडेल, दुसरा कोणी नाही. पण आधी त्याला कोणीतरी नीट शिकवा. अप्पांना हा शब्द चांगलाच झोंबला. तीन पिढ्या चाकावर काढलेल्या घरात पोराला पैसे देऊन गाडी शिकायला पाठवायचं म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायच्या क्लासला घालण्यासारखं होतं. पण त्या वाकड्या हातापुढे घरात कोणाचं काही चालत नव्हतं.

असा मी देवळाली कॅम्पात उस्तादांकडे दाखल झालो. पिंपळगावहून नाशिक, नाशिकहून कॅम्प, रोज दोन बस. उस्ताद म्हणजे तोफखान्यातले निवृत्त ड्रायव्हर. तोफा ओढणारे ट्रक त्यांनी बर्फात चालवले होते, आणि किती पोरांना शिकवून सीमेवर धाडलं होतं त्याची गणती नाही. मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे आमच्या 'आहे'चं त्यांच्या तोंडी 'शे' व्हायचं. उंची बेताची, मिशा मात्र इतक्या रुंद की जीपच्या दारातून त्या आधी तिरक्या कराव्या लागत. मी मोठ्या ऐटीत माझं लायसन्स पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि खणात ठेवून दिलं. म्हणाले, "हा कागद शे. ड्रायव्हर अजून यायचा शे."

मग जीपपाशी नेलं. बॉनेट उघडून तेल, पाणी, पट्टा. वाकून चारी चाकं. मग ब्रेक दाबून दाखव, आरसा लाव. पुढे विचारलं, "गाडी कशी शे?" मी म्हटलं, बरी आहे, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. ते खूश झाले. मग तशाच आवाजात विचारलं, "तू कसा शे?"

मी म्हटलं, एक नंबर.

"उतर," म्हणाले. "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मस्त. उतर. तिसऱ्या दिवशी, ठणठणीत. उतर. चौथ्या दिवशी मी देवाच्या कृपेनं सर्व क्षेम, अशी पत्रातली भाषा वापरून बघितली. उतर. दोन बस जायला, दोन बस यायला, आणि मधे एका शब्दाचं शिक्षण. पाचव्या दिवशी बसमध्ये कंडक्टरशी भांडण झालं होतं, सकाळची भाकरी पोटात दगडासारखी बसली होती, आणि उस्तादांनी "तू कसा शे" म्हटल्याबरोबर माझा बांध फुटला. मी सांगितलं की मी चिडलेलो आहे, पोट बिघडलंय, काल नीट झोप नाही, आणि खरं म्हणजे तुमच्यावरच माझा सगळ्यात जास्त राग आहे. उस्तादांनी शांतपणे किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता दोन्ही गाड्या समजल्या," म्हणाले. "आता हळू चालव. चिडलेला माणूस कसा चालवतो ते तुला ठाऊक शे ना? मग त्याच्यावर नजर ठेव."

ही त्यांची पद्धत. चालवताना जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, आणि आत जे चाललं असेल तेही. डावीकडे सायकल, कॅरिअरवर दुधाचा कॅन, डुगतोय, म्हणजे हा वळणार. पुढे बकरी, बकरीला मन बदलायची सवय असते, तर पाय ब्रेकवर. मागून बस, घाईत, जाऊ दे. मला राग येतोय. का येतोय? तो हसला म्हणून. हसू दे. पहिले आठ दिवस माझी जीभ गाडीच्या मागे धावत होती. मी बकरी म्हणेपर्यंत बकरी मागे पडलेली असायची. मग हळूहळू जीभ पुढे गेली आणि मला कळायला लागलं की मी आजवर रस्ता पाहिलाच नव्हता. मी स्वतःला पाहत होतो, काचेत. कॅम्पातल्या बाजारात शिपायांच्या बायका भाजी घेता घेता थांबून बघायच्या, हा कोण पोरगा एकटाच भांडत चाललाय. एकदा मी विचारलं की उस्ताद, तुम्ही असं का विचारता, तू कसा म्हणून. गाडी तर हातपाय चालवतात.  ते म्हणाले की कोणी विचारलं तर ठीक म्हणायचं ही आपल्या लोकांची सवय. घाटात एकदा अंगात ताप असताना साहेबानं विचारलं होतं, आणि आपण ठीक म्हटलं होतं. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी जगातली कुठलीही गोष्ट फुगवून सांगू शकतो, पण उस्तादांच्या या गोष्टीत मी कधी एक शब्द घातलेला नाही.

ज्या माणसाच्या बोलण्याला चारानं भागावं लागतं त्याला रोज दोन तास खरं बोलायला लावणं हा अत्याचारच होता. आणि ते गाडीपुरतं राहीना. ताटावर बसलो की तोंडातून निघून जायचं: भाकरी, डावीकडे ठेचा, मला भूक नाही, मी अप्पांना घाबरतोय. अप्पांचा घास हातात तसाच राहायचा. आई मात्र पदर तोंडाला लावून हसायची. ती म्हणायची की एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कळलं या पोराच्या पोटात काय असतं ते.

आज माझा नातू गाडी शिकतो. त्याच्या गाडीला गिअर नाहीत, मागचं दाखवायला कॅमेरा आहे, आणि चुकलं की गाडीच बाईच्या आवाजात ओरडते. सगळं गाडी सांगते. फक्त हा आत्ता मैत्रिणीशी भांडून बसलाय, हे तिला सांगता येत नाही. ते मी विचारतो. तो म्हणतो, कूल. मी म्हणतो, उतर. सध्या आमचं बोलणं बंद आहे, पण चौथा दिवस आहे, उद्यापर्यंत जमेल असं दिसतं.

तीन महिन्यांनी उस्तादांनी मला पुन्हा परीक्षेला बसवलं, या वेळी फोटोऐवजी मी स्वतः गेलो. मग खणातून तो जुना कागद काढून परत दिला आणि म्हणाले, आता जुळतंय. घरी अप्पांची परीक्षा वेगळी होती. आईच्या गळ्यातून किल्ली मिळवून त्यांनी टेम्पोत पॅकहाउसला न्यायचा माल भरला आणि शेजारी बसले. पिकलेली द्राक्षं नेताना खड्ड्यात एक धक्का बसला तरी मणी सुटतात, देठ रिकामे होतात. पॅकहाउसला क्रेट उतरवले तेव्हा अप्पांनी एकेक हलवून बघितला. तळाशी मणी दिसेनात. वाटेत मी सगळा वेळ तोंडानं बडबडत होतो आणि अप्पा कान झाकल्यासारखे बसले होते. संध्याकाळी आईला ते म्हणाले, चालवतो बरा, पण आकाशवाणी बंद होत नाही. आमच्या घराण्यात यापेक्षा मोठं शाबासकीचं वाक्य कोणी ऐकलेलं नाही.

लग्न आमच्या दारात झालं. नवरीच्या गाडीसाठी एका व्यापाऱ्याची पांढरी मोटार मागून आणली होती. तिला झेंडूच्या माळांनी असं मढवलं की काचा शोधून काढाव्या लागल्या. मी त्या दोन दिवसांत काय काय केलं ते सांगत बसत नाही, कारण तुम्ही भागाकार कराल. मांडव घातला, हळदीला पाणी ओढलं, आचाऱ्याबरोबर बुंदी पाडली, पाहुण्यांना गाद्या टाकल्या, आणि त्या गाद्यांवर माझी पाठ काही टेकली नाही. त्यातच नवरदेवाच्या मामांना टोपी-उपरणं द्यायला मला थोडा उशीर झाला. मामा म्हणजे अंगानं कांदा साठवायच्या चाळीसारखे, लांबरुंद आणि हवा खेळती. त्यांनी चारचौघांत माझ्या बापाची अक्कल काढली. मी हसून पाया पडलो. आतला धूर आतच.

चारच्या सुमाराला पाठवणी निघाली. दिवे लागायच्या आत नवरी सासरी पोचायला हवी, अशी मामांची ताकीद होती. आईनं ओटी भरली, गळ्यात पडून रडली, शकूताई रडली, बायका रडल्या, बँडवाल्यांनी रडकं काहीतरी वाजवलं. शकूताई मागे बसली, शेजारी मास्तर. पाठराखीण म्हणून धाकटी मावशी जायची होती, ती दमून मांडवात टेकली होती, तिला उठवायला कोणी गेलं होतं. चाकाखाली लिंबं ठेवली गेली. अप्पांनी किल्ली सगळ्यांच्या देखत माझ्या हातात दिली. मी ज्या क्षणासाठी तीन महिने दोन-दोन बस बदलल्या तो हाच.

मी गाडी बघितली. तेल, पाणी, चाकं, ब्रेक, आरसा. गाडी उत्तम होती. मग किल्ली लावायला गेलो आणि ती दोनदा भोकाच्या बाजूला आपटली. त्या क्षणी मला कोणी काही विचारलं नव्हतं. पण सवय वाईट. मी तोंडानंच बोलायला लागलो: समोर बँड, डावीकडे पोरं. डोळे चुरचुरतायत. दोन रात्री झोप नाही. आत्ता डोळे मिटले तर उघडायचे नाहीत. मामांवर राग आहे, इतका की त्यांची गाडी पुढे असली तर मी तिच्या मागे लागेन.

मागून शकूताई म्हणाली, "आणि?"

"आणि तू चाललीस," मी म्हटलं. "ताई, मला आत्ता चालवता येणार नाही."

बँड थांबला. बँडवाल्यांना ऐकू गेलं असेल असं नाही, पण लोक थांबले की बँड थांबतो. अप्पांनी खिडकीत डोकं घातलं. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. गाव बघतंय, व्याही बघतायत, आणि पोरगा किल्ली लावून बसलाय. "दिन्या, गप गाडी काढ," ते हळूच म्हणाले. "अब्रूचा प्रश्न हाय." मला काढता आली असती. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा माणूस अशी गाडी काढतो आणि पोचतोही. म्हणून तर सगळ्यांना वाटतं की पोचताच येतं. मी किल्ली काढून मांडीवर ठेवली.

मामा आले. त्यांनी आधी गाडी काढायला आपल्या दुसऱ्या एका भाच्याला पुढे केलं. तो भाचा रात्रभर माझ्याच शेजारी पत्ते खेळत होता, त्याचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. मग ते नवरीकडे वळून म्हणाले, आमच्या घराण्यात असं झालेलं नाही, नवरीनं ड्रायव्हरसाठी थांबायचं म्हणजे काय. शकूताईनं पदराखालून डावा हात बाहेर काढला. हिरवा चुडा भरलेला, कोपरात वाकडा. तो तिनं खिडकीतून मामांच्या समोर धरला.

"मामा, हा बघा. हा हात, तो 'मला येतंय' म्हणत होता त्या दिवसाचा हाय. आज तो नाय म्हणतोय. मी थांबते."

 मास्तर खाली उतरले, मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की चला, चहा घेऊ. मलाही झोप आलीय. माझा हा मेहुणा आयुष्यात फार बोलला नाही, पण जे बोलला ते वेळेवर.

अशी नाशिक जिल्ह्याच्या इतिहासातली, ड्रायव्हरची झोप व्हावी म्हणून थांबलेली पहिली आणि शेवटची वरात आमच्या दारात उभी राहिली. मी पुढच्या सीटवर आडवा झालो. लोक म्हणतात, माझ्या घोरण्यानं माळा हलत होत्या. वऱ्हाडाला दुसरी पंगत वाढली. मसालेभात संपला, बुंदी संपली. मग एकेक जण मांडवात टेकला आणि सगळं वऱ्हाड, मामांसकट, जिथल्या तिथं झोपून गेलं. नवरी मात्र उतरू शकत नव्हती. म्हणून आई जाऊन तिच्याजवळ मागच्या सीटवर बसली. त्या दोघींचं रडून झालेलं होतं, निरोप घेऊन झालेला होता, आणि आता हा एक तास कुठल्याच विधीत न बसणारा, असाच हातात पडलेला. झोपेत मला आईचा आवाज अर्धवट आला. सिन्नरकडे दुष्काळ, ही तिच्या मनातली जुनी भीती. लग्न ठरवायच्या बैठकीत बायकांनी असलं काही विचारायचं नसतं. ती विचारत होती, "पाणी कुठून आणत्यात गं तिथं?" शकूताई म्हणाली, "मला काय ठाव आई. मी तरी कुठं पाह्यलंय." मग मी पुन्हा झोपलो.

उठलो तेव्हा उन्हं कलली होती. तोंडावर पाणी मारलं, कपभर चहा घेतला, चारी चाकांना फेरी मारली. किल्ली लावून बघितली, पहिल्याच झटक्यात बसली. मामांकडे बघितलं, ते तोंड उघडं टाकून झोपले होते आणि त्या स्थितीत कोणाचाच राग येत नाही. मला सोबत म्हणून मास्तर पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. अप्पांनी बॉनेटवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "झाली का झोप?" त्यांनी मला उभ्या आयुष्यात विचारलेला हा पहिला तसला प्रश्न. मी म्हटलं, झाली. लिंबं चिरडली आणि आम्ही निघालो.

मी बोलत चाललो होतो. समोर कांद्याचा ट्रक, त्याला जाऊ दे. उजवीकडे ऊस, आत कोणी असेल. मला बरं वाटतंय. मागचं बघायला आरशात नजर टाकली आणि माळांच्या आड, शकूताईच्या खांद्यामागे दडून बसलेली आई दिसली. पाठराखीण मावशी तिकडे मांडवात घोरत होती आणि तिच्या जागी आई. नवरीची आई पाठवणीच्या गाडीत. असं कोणी ऐकलेलं नव्हतं. आईनं आरशातूनच माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दिसेल ते बोलायचं, हा उस्तादांचा नियम मी त्या दिवशी मोडला. मी म्हटलं, मागे जीप, अंतर ठीक. आणि पुढे बघायला लागलो.

आडगाव ओलांडल्यावर मास्तरांनी सहज मागे वळून बघितलं. ते पुन्हा पुढे वळले आणि म्हणाले, "गाडी आता मागे वळवता येत नाही, नाही का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग चला.

दिवे लागल्यावर पोचलो, पण पोचलो. शकूताईच्या सासूबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. नवरीमागून विहीण उतरताना बघून त्यांचं ताट क्षणभर तिथंच राहिलं. आईनं पदर सावरला आणि म्हणाली की गाडी मागं घेत नाहीत म्हणून यावं लागलं. सासूबाईंनी तिलाही ओवाळलं. पुढे दोघींची अशी मैत्री झाली की आम्हाला कोणी विचारेना, पण ते वेगळं प्रकरण.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन मी परत निघालो. आता गाडी नवरीची राहिली नव्हती, कुठेही वळवता येत होती. आई पुढे, माझ्या शेजारी बसली.  शिंदे-पळसे आलं तशी ती, माझंच ऐकून असेल, हात मांडीवर ठेवून, समोर बघत, हळूहळू बोलायला लागली. डावीकडं म्हशी हायेत. पोरं शाळेला निघालीत, हळू घे. बाई डोक्यावर पेंढी घेऊन चाललीय, तिला मागचं दिसत नाय. मी पाय ब्रेकवर ठेवला. ती बाई पलीकडे गेल्यावर आई म्हणाली, "आड त्यांच्या परसातच हाय, दिन्या. पहाटं मी सोता एक बादली शेंदून बघितली. गोड हाय पाणी."